नावाच्या चौकटीखालची गल्ली

मी आयुष्यात एकच गल्ली गायब केली. जुन्या जालन्यातली, दोन्ही अंगांनी धान्याची दुकानं असलेली, आत चांगली पन्नासेक घरं, दोन पिठाच्या गिरण्या आणि एक मारुती असलेली अख्खी पोत्याची गल्ली. आणि ती गेली कुठं म्हणाल, तर माझ्याच नावाखाली.

घाबरू नका, मी मंतर-तंतर करणारी बाई नाही. मी ट्रेसर होते. सरकारी भाषेत अनुरेखक. हा शब्द ऐकला की माझी नात म्हणते, "आजी, हे म्हणजे लाइट बिलावरचं मराठी आहे." तर तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी सांगते. पूर्वी रस्ता, नाली, पूल काही करायचं असलं की साहेब पेन्सिलीनं मोठा नकाशा काढायचे. त्यावर आम्ही आरपार दिसणारा कागद ताणून बसवायचो, चारी कोपऱ्यांना पिना टोचायचो आणि खालची एकेक रेघ काळ्या शाईनं वर उतरवायचो. रेघ चुकली तर ब्लेडनं कागद न फाडता शाई खरवडायची. हे ज्याला जमलं तो ट्रेसर. या शाईच्या कागदावरून मग यंत्रात प्रती निघत. एक ठेकेदाराला, एक मुकादमाला, एक फायलीला. साहेबांचा पेन्सिलीचा कागद गुंडाळी होऊन कपाटात जायचा आणि पुन्हा कुणी त्याचं तोंड पाहत नसे. म्हणजे ट्रेसरनं जे उतरवलं ते जगात आहे, आणि जे सोडलं ते नाही. विशीतल्या पोरीच्या हातात एवढं राज्य देऊ नये.

मी तीर्थपुरीची. आयटीआयचा कोर्स केला, लग्न होऊन जालन्याला आले. जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. रोज एक ऑफिस उघडायचं आणि त्यात बसायला माणसं लागायची. त्यातल्याच एका ऑफिसात मी चिकटले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जी चूक येते ती ऑफिसची नाही, माझी आहे, आणि मी ती कुणाला वाटून द्यायला तयार नाही.

त्या प्रती काढायच्या यंत्रात अमोनिया असायचा. त्याचा असा काही वास सुटायचा की डोळ्यांतून धारा लागत. संध्याकाळी मी लाल डोळ्यांनी घरी गेले की सासूबाई विचारायच्या, "हापिसात कोण बोलतं गं तुला?" मी नुसता सुस्कारा सोडायची. पहिले सहा महिने मी त्यांना खरं कारण सांगितलंच नाही, कारण तोवर चहा आयता हातात मिळत होता.

लोकही तऱ्हेतऱ्हेचे येत. वाटूरकडचे एक काका नवा रस्ता आपल्या गोठ्यावरून जातो म्हणून आले आणि माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, "बाई, ही रेघ जरा तिकडं सरकवता? लई न्हाई, बोटभर." मी त्यांना केवढं सुनावलं! "काका, कागदावरचं बोटभर म्हणजे जमिनीवर एका घराची जागा. मी काय रांगोळी काढून राह्यले का?" काका गरीब, "बराबर हाय, बराबर हाय," करत निघून गेले. ऑफिसात दोन दिवस माझी वाहवा झाली. त्यानंतर वर्षभरातच या बाईसाहेबांनी, कुणी न सांगता, स्वतःच्या हौसेखातर चार बोटं जागा खाल्ली.

झालं असं. टाकीच्या चौकातून मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, ट्रक, बसेस, टांगे, सायकली, नव्यानं आलेले टेम्पो, सगळे एकाच वेळी जायचे. तिथला रस्ता रुंद करून मधोमध डिव्हायडर बांधायचा, लोकांना रस्ता ओलांडायला त्यात एका जागी फट ठेवायची आणि तिथं पांढरे पट्टे मारायचे, असं काम निघालं. साहेबांनी पेन्सिलीचा नकाशा दिला आणि म्हणाले, "विमलबाई, ह्या वेळी अनुरेखक म्हणून तुमचं नाव टाका."

नकाशाच्या उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कामाचं नाव, साहेबांची सही, आणि खाली अनुरेखकाचं नाव. घडी घातली की तोच कोपरा वर राहतो, म्हणून चौकट तिथंच. आधीच्या नकाशांवर मोठ्या ट्रेसरचं नाव जायचं. माझं हे पहिलंच. आठवडाभर मी रद्दी कागदावर स्वतःचं नाव गिरवलं. 'सौ.'च्या मात्रेला किंचित बाक द्यावा की देऊ नये, यावर मी जेवढा विचार केला तेवढा लग्नाला होकार देताना केला नव्हता.

वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढतात. साधा बाण पुरतो. मी त्याला पिसारा काढला. त्यानं वरची जागा खाल्ली, म्हणून सगळा नकाशा खाली सरकला, आणि उजव्या कोपऱ्यात नेमकं जिथं पोत्याच्या गल्लीचं तोंड रस्त्याला लागतं, तिथं माझी चौकट येऊन बसली. एकावर एक दोन गोष्टी काढता येत नाहीत. मी गल्लीच्या दोन रेघा सोडून दिल्या. 'कोपऱ्यातलीच तर आहे' असं मनात आल्याचं मला आजही लख्ख आठवतं. साहेबांना मुंबईची गाडी गाठायची होती. त्यांनी उभ्याउभ्या पाहिलं, म्हणाले, "अक्षर सुरेख आहे," आणि सही केली. फट नेमकी कुठं ठेवायची ते नंतर ठरायचं होतं, आणि तेव्हा त्यांच्यासमोरही माझीच प्रत राहिली. गल्लीच दिसत नाही म्हटल्यावर फट चौकाच्या पार पलीकडल्या टोकाला, बँकेसमोर ठरली.

हे एका माणसाच्या लक्षात आलं. आमचे मुकादम रहीमचाचा. पांढरी दाढी, पायात टायरच्या चपला, खांद्यावर मोजपट्टी. काम सुरू झालं त्या आठवड्यात ते प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, पोत्याच्या गल्लीसमोर डिव्हायडर बंद दाखवला. इधर से तो आख्खी गल्ली निकलती ना. लोकं कुठून जातील?"

मी मान वर न करता म्हटलं, "नकाशात आहे तसं करा चाचा. नकाशा तपासलेला आहे."

"मी पढेला न्हाई बाई, पण गल्ली हाय तिथं. मी रोज पाहून राह्यलो."

"चाचा, साहेबांची सही आहे त्याच्यावर."

त्यांनी प्रतीची घडी घातली. मग, "बिलकुल," म्हणाले आणि गेले. आपण एका म्हाताऱ्या माणसाला सहीचं महत्त्व शिकवलं म्हणून मी त्या दिवशी खुशीत होते. मला आज ती पोरगी भेटली तर मी तिची वेणी धरून तिला त्या चौकात उन्हात उभी करीन. ती स्वतः त्या चौकातून रोज जायची, पण आमच्या ह्यांच्या स्कूटरवर, एका अंगाला पाय सोडून, डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून पदर तोंडावर घेऊन.

डिव्हायडर झाला. गुडघ्याच्या वर येणारी सिमेंटची भिंत, दोन्हीकडं पिवळाकाळा रंग. गल्लीतल्या लोकांना बँकेपर्यंत जाऊन वळसा घालून परत यायचं म्हणजे चांगली दोन-अडीचशे पावलं. कोण जातं? त्यांनी भिंतीला अलीकडून-पलीकडून एकेक दगड लावला आणि चढून-उतरून जायला लागले. रस्त्यापलीकडंच मुलींची शाळा. आम्ही ऑफिसात चहा पिता पिता म्हणायचो, लोकांना शिस्तच नाही. सगळ्यात मोठ्यानं मी म्हणायची.

वार्षिक परीक्षेच्या दिवसांत सकाळी ऑफिसात बातमी आली. पोत्याच्या गल्लीतली नववीतली पोरगी, संगीता, पॅड आणि कंपासपेटी छातीशी धरून भिंत चढली, पलीकडं उतरताना दगड निसटला, आणि ती टेम्पोपुढं पडली. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून जीव वाचला. नडगी मोडली.

"वळसा घालायला काय झालं होतं?" मी म्हटलं. "मी दाखवते, फट कुठं दिलीय ती." मोठ्या ऐटीत मी कपाट उघडलं. वर माझी शाईची गुंडाळी होती, पण हाताला लागली ती साहेबांची पेन्सिलीची. उलगडली. खाली उजव्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा, आणि त्यांच्यामध्ये साहेबांच्या अक्षरात 'पोत्याची गल्ली'. मी माझा कागद त्यावर ठेवला. गल्लीच्या बरोबर तोंडात माझं नाव उभं होतं, मात्रेच्या बाकासकट.

मी दोन्ही गुंडाळ्या परत ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि कुणाला काही बोलले नाही. हेही लिहून टाकते, म्हणजे मोकळी होईन. मला नोकरीत कायम करायचा कागद त्याच महिन्यात यायचा होता. आठ दिवस मी गप्प बसले. रहीमचाचा रोज समोरून जायचे, "सलाम बाई," म्हणायचे. त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं, मला निदान त्यांचा राग करता आला असता.

नवव्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, मला टाकीच्या चौकात उतरवा, भाजी घ्यायची आहे. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. गयाबाई. मी शेंगा घेतल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती पोरगी पडली ती इथंच का?"

"माझी नात हाय ती," म्हातारी म्हणाली, आणि मग जी सुटली! "ज्या मुडद्यानं हा बांध घातलाय ना रस्त्यात, त्याच्या दारात असाच बांध पडो. त्याला जेवायला चुलीपर्यंत जायचं तर गाव फिरून यायला लागो. त्याच्या बायकोनं..."

शिव्यांमधला तो मुडदा पुरुष होता, तेवढाच मला आसरा. मी मान खाली घालून शेंगा फोडत राहिले.

"डोळे कामून भरले तुझे?"

"हापिसात अमोनिया असतो मावशी. त्यानं."

"असं का," गयाबाई म्हणाली, आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

तेवढ्यात तिचा मुलगा आला, संगीताचा बाप, नामदेव. मोंढ्यात हमाल. या घरचे पूर्वी मेंढरांमागं फिरणारे. त्यातलं शहरात येऊन पोती उचलणारं हे पहिलंच माणूस. आईनं विचारलं, "शाळेच्या बाई आल्त्या. काय सांगायचं त्यान्ला?"

"काय सांगायचं? बस झाली शाळा. पाय आज मोडला, उद्या पोरगी जाईल. जून लागेतोवर रस्ता झाला तर झाला, न्हाई तर एखादं ठिकाण पाहून टाकू."

"पंधरा वर्साची हाय ती, नामदेवा!"

"मंग मी काय करू? पोती उचलू का तिला रोज रस्त्यापार नेऊ?"

तो चिडलेला नव्हता. नुसता घाबरलेला होता. चिडला असता तर मी परत स्कूटरवर बसून घरी गेले असते. पण घाबरलेला बाप मला पाहवला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गुंडाळ्या घेऊन मी साहेबांसमोर उभी राहिले. टेबलावर आधी पेन्सिलीचा नकाशा पसरला, त्यावर माझा. बोलायचं पाठ केलं होतं, पण तोंडातून एकच वाक्य आलं. "साहेब, गल्ली माझ्या नावाखाली आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. दोन्ही कागद जुळवून पाहिले. मला वाटलं, आता शिपायाला हाक मारतील. ते म्हणाले, "हा बाण आहे की मोर?"

"बाण आहे साहेब."

"हं." मग माझ्या चौकटीवर बोट ठेवून, "नाव तुमचं आहे, पण सही माझी आहे. आणि पायी त्या चौकात तुम्हीही गेला नाहीत, मीही नाही. बांधलेली भिंत तोडायची म्हणजे वर कारण लागेल. गल्ली राहून गेली हे मी लिहीन. पण लोक तिथूनच जातात, बँकेसमोरून नाही, हे कशावरून? हे तुम्ही दाखवा. कागदावर."

साहेब आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला वाचवलं असं मी म्हणत नाही. त्यांनी मला काम दिलं, ते त्याहून मोठं होतं.

मी रहीमचाचांकडं गेले. "चाचा, चुकलं माझं," म्हटलं. ते मोजपट्टी गुंडाळत होते. "होता है बाई. आता पुढं बोला, करायचं काय?" एवढंच. माणसं कुठून जातात हे कागदावर कसं आणायचं, या प्रश्नावर त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "फक्की टाकू."

फक्की म्हणजे चुन्याची पूड, मैदानावर आखणी करायला टाकतात ती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडायच्या आत चाचांनी गल्लीच्या तोंडाशी आडवा, हातभर रुंद पट्टा फक्कीचा टाकला. मी समोरच्या कापडाच्या दुकानाच्या माडीवर, सज्जात, पाटीवर कागद लावून बसले. गल्लीतून माणूस निघायचं, त्याचा पाय फक्कीत पडायचा, आणि काळ्या डांबरावर पांढरी पावलं उमटत जायची. अनवाणी पावलं, टायरच्या चपला, नाजूक सँडल, शाळेच्या बुटांची नक्षी, एका सायकलची वाकडी रेघ, एक शेळी. थोड्या वेळात रस्त्यावर एक पांढरी पायवाटच तयार झाली, गल्लीतून सरळ भिंतीपर्यंत, जिथून ती पोरगी पडली होती तिथपर्यंत. बँकेच्या दिशेला एकच पावलांची जोडी गेली होती. ते एक देशमुख मास्तर होते. त्यांचा गुडघा वाकत नव्हता.

मी आयुष्यात इतक्या रेघा काढल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा माणसांनी आधी रेघ काढली आणि मी मागून गिरवली.

दहाच्या सुमाराला खालून दुकानाच्या शेठजींचा आवाज आला. "ओ बाई! तुमच्या त्या चुन्याचे पाय माझ्या गादीवर आले! पांढरी गादी, त्यावर पांढरी पावलं, ती पुसू कशी?"

चाचा खालूनच म्हणाले, "शेठ, पावलं बाहेर जाऊन राह्यली का आत येऊन राह्यली?"

शेठजींनी वाकून पाहिलं. "आत."

"मंग पुसता कशाला?"

शेठजींनी संध्याकाळपर्यंत गादी झटकली नाही, आणि मला वर चहा पाठवला.

नवा नकाशा काढायच्या आधी मी गयाबाईला विचारायला गेले. कुठल्या पुस्तकात नव्हतं ते तिनं सांगितलं. "फट देशील, ते बेस हाय. पण मधी उभं राहायला जागा दे. आधी हिकडची गाडी पाहावी, अर्ध्यात यावं, मंग तिकडची पाहावी."

"हातभर जागा ठेवते मावशी."

"हातभर? डोक्यावर पाटी असली तर नुसती मान वळवता येती का? आख्खं अंग वळवावं लागतं. हातभरात मी वळले तर पाटी त्या ट्रकवाल्याच्या खिडकीत जाईल. दोन बायांना पाटीसकट फिरता येईल एवढी ठेव."

मी तिची पाटी मोजून घेतली. डोक्यावर ठेवून तिला गोल फिरायला लावलं आणि खडूनं वर्तुळ काढलं. साहेबांनी ते माप पाहिलं आणि विचारलं, "हे कुठल्या नियमात आहे?" मी म्हटलं, "शेंगांच्या." त्यांनी ठेवलं. नकाशावर सही करताना म्हणाले, "ह्या वेळी चौकट नाल्यावर टाका. तिथून कुणी चालत जात नाही." आणि बाण? बाण साधा काढला.

मे महिन्यात भिंत फोडली, मध्ये ओटा बांधला, दोन्हीकडं गाड्यांसाठी उंचवटे टाकले. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, चाचांच्या माणसांनी दोरी ताणून पांढरे पट्टे मारले. तेवढे नेमके पट्टे जालन्यात तेव्हा दुसरीकडं नव्हते, हे मी आजही सांगते.

सोमवारी सकाळी मी आणि चाचा जाऊन पाहतो तर काय! बायका फटीतूनच जात होत्या, पण पट्ट्यांवरून नाही. पट्ट्यांच्या कडेकडेनं, ट्रकच्या बाजूनं, साड्या सावरून, जपून.

"मावशी, वरून चाला ना!" मी ओरडले.

गयाबाई पलीकडून म्हणाली, "इतकं निगुतीनं काढलंय, त्याच्यावर पाय कसा द्यावा?"

दारातली रांगोळी ओलांडायची, तुडवायची नाही, हे या बायकांच्या हाडात. आम्ही जमिनीवर पांढरं काढून ठेवलं आणि त्यांनी त्याचा मान राखला. चाचा माझ्याकडं पाहायला लागले. मला कळलं ते. ज्यानं काढलं त्यानंच आधी मोडायचं. आणि मी कोण? नकाशावर माशी बसली तरी जीव खालीवर होणारी बाई. त्यातून मी हा रस्ता एकदाही पायी ओलांडला नव्हता. मी चपला काढल्या, का ते विचारू नका, आणि पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला. समोरून ट्रक आला, उंचवट्यावर हळू झाला, पण माझे पाय तिथंच रुतले. पलीकडून गयाबाई पाटीसकट आली, तरातरा पट्टे तुडवत, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चल. मधी जागा हाय."

ओट्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी म्हटलं, "मावशी, तो मुडदा मीच."

"ठाव हाय मला. शेंगा घ्यायला आलेली बाई कुठं इतकी रडती का? आता तिकडं पाहा, बस येऊन राह्यली."

मग सगळ्या बायका वरून चालायला लागल्या. माणसांचं जमलं, म्हशींचं नाही. गवळ्याच्या म्हशी पहिल्या पट्ट्याशी येऊन थबकल्या. त्यांना ते खड्डे वाटले की काय कोण जाणे. गवळी शेपट्या पिरगाळतोय, त्या हलेनात. दोन्हीकडं ट्रक, बस, टेम्पो उभे. त्या दहा मिनिटांत पोत्याच्या गल्लीतल्या पोरींनी इतक्या ऐटीत रस्ता ओलांडला की बस. चाचा म्हणाले, "बाई, सरकारला लिहा. पोलिसाऐवजी दोन म्हशी द्या."

पण ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पोरगी अजून गल्लीच्या तोंडाशी उभी होती. प्लास्टर निघालेला पाय जरा वाकडा पडत होता. शेजारी नामदेव, खांद्याला पोती उचलायचा लोखंडी आकडा अडकवून.

"आठ दिवस पाहतो," तो मला म्हणाला. मी कोण ते त्याला आईनं सांगितलं असावं. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि भरवसाही नव्हता. "आठ दिवसांत एकदा जरी ती रस्त्यात अडकली, तर शाळा बंद. मंग तुम्ही मला काही म्हणायचं न्हाई."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

संगीता निघाली. अर्ध्यात आली, ओट्यावर थांबली, आख्खं अंग वळवून दुसरीकडं पाहिलं, आणि गेली. नामदेवनं ती शाळेच्या फाटकात शिरेपर्यंत श्वास घेतला नसावा. माझा तर मी घेतलाच नव्हता.

आठ दिवस मी ऑफिसात उशिरा जात होते. साहेब नुसते घड्याळ पाहायचे. रोज शाळेच्या वेळेला मोंढ्यातलं काम टाकून नामदेव गल्लीच्या तोंडाशी हजर. रोज मी समोरच्या सज्जाखाली. आम्ही एकमेकांना पाहिल्यासारखं करत नव्हतो. तिसऱ्या दिवशी एक टेम्पोवाला उंचवट्यावर न थांबता गेला. संगीता ओट्यावरच होती, हलली नाही. नामदेवचा आकडा खांद्यावरून हातात आला होता. सहाव्या दिवशी पाऊस होता, पट्टे निसरडे झाले, आणि ती चपला हातात घेऊन गेली. तो बापही बाराही महिने अनवाणी असायचा, त्यानं ते पाहिलं आणि पहिल्यांदा जरा हसला.

नवव्या दिवशी मी पोचले तर नामदेव नव्हता.

 म्हणजे आठ दिवस झाले, आणि त्याचं काहीतरी ठरलं. मी गल्लीत डोकावले, शेठजींच्या ओट्यावरून पाहिलं. नाही. मी गयाबाईच्या पाटीपुढं जाऊन उभी राहिले. 

"मावशी, नामदेव?"

तिनं शेंगांवरची माती फुंकरून उडवली. "मोंढ्यात हाय."

"आला नाही तो?"

"आता कशाला येईल?" गयाबाई म्हणाली. "पोती कोण उचलील मंग?"

आणि मागून संगीता आली, दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट करत, "सरका ना मावशी, उशीर होऊन राह्यला," म्हणत मला बाजूला करून निघून गेली.